दुर्बीण सरांची टाळी

थांबा, आधी मला नीट बसू द्या, मग सांगते. आणि मधे कुणी बोलायचं नाही, खास करून तू, कारण तू तोंड उघडलंस की मी कुठे होते तेच विसरते.

तर आमची ताई. तुम्ही सगळ्यांनी तिला पाहिलंय, पण काठीवाली. त्याच्या आधीची ताई तुम्हाला माहीतच नाही. तलावावर पोहायला शिकवायची ती. गळ्यात शिट्टी, खांद्यावर ओला टॉवेल, आणि आवाज असा की खोल बाजूला मस्ती करणारं पोरगं पाण्यातल्या पाण्यात सरळ व्हायचं. घरीसुद्धा तसंच. मी लहानपणी कपाटावर चढले की खालून नुसतं "बारके" म्हणायची, आणि मी खाली.

तिची आधी पाठ धरायला लागली. आम्हाला वाटलं, दिवसभर ओल्यात उभी असते, धरणारच. मग मांड्या. मग चालताना दोन्ही पाय लाकडाचे असल्यासारखी चालायला लागली आणि आम्ही तिला चिडवत होतो, अगं रोबोट, बॅटरी भर. आणि एक दिवस तलावाच्या काठावर दुसऱ्या कुणीतरी मागून शिट्टी मारली आणि ताई पडली. आपण पडताना हात पुढे करतो ना, आपोआप? तिने केलेच नाहीत. उभी होती तशीच्या तशी, फळी आडवी व्हावी तशी गेली. नशीब, पाण्यात गेली. पोरांनीच ओढून काढलं. पोहायला शिकवणारीला.

त्यानंतर तर विचारूच नका. रस्त्यात हॉर्न वाजला की पाय जागच्या जागी गोठायचे. दाराची बेल वाजली की दचकून अख्खं अंग ताठ. मग ती बाहेर पडेनाशी झाली. सगळे म्हणायला लागले, भित्री झाली, मनावर घेतलंय काहीतरी, प्रेमभंग वगैरे झालाय का बघा. एक्स-रे काढले, स्कॅन केले, सगळं स्वच्छ. इतकं स्वच्छ की मला हेवा वाटला.

ताई एकच वाक्य सांगायची सगळ्यांना. "कुणीतरी आतून दोरी खेचल्यासारखं होतं, आणि मग मी माझी राहत नाही." हेच. मी तेव्हा लांबच्या शहरात डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत नाकापर्यंत बुडालेली, त्यामुळे मी हे फोनवर ऐकायचे आणि म्हणायचे, मोठ्या माणसाला दाखवा.

तर बाबांनी मोठ्या माणसाला दाखवलं. दुर्बीण सर. आमच्या मेंदूच्या डॉक्टरमंडळींत सगळे त्यांना दुर्बीणच म्हणतात, का, तर पेशंट दारातून टेबलापर्यंत चालत येईपर्यंत ह्यांना आजार दिसतो. बाबांनी ओळखीच्याच्या ओळखीच्याकडून वेळ मिळवली. नवा शर्ट घालून गेले. लग्नाला गेल्यासारखे.

आता पुढचं मी ताईकडून ऐकलंय, आणि ती एकदाच बोलली, पण मला ते पाठ आहे. मोठी खोली. भिंतीला लागून त्यांचे शिकाऊ डॉक्टर उभे. ताई दोरीचं वाक्य सांगायला लागली तर ते म्हणाले, थोडक्यात. मग तिच्याशी बोलायचं सोडून बाबांनाच विचारलं, झोपेत कशी असते? बाबा म्हणाले, झोपेत अगदी सैल, लहान बाळासारखी. भीतीची गोळी दिली तर? बाबा म्हणाले, बरं वाटतं तिला. तेव्हा सरांनी भिंतीकडे बघून भुवया वर केल्या, म्हणजे पोरांनो, कळलं ना. आणि मग ते उठले, पाणी प्यायला जातायत असं वाटावं असे उभ्या ताईच्या मागे गेले, आणि टाळी वाजवली. जोरात.

ताई पडली. हनुवटीवर. पुढचा दात तुटला, मनगट मोडलं.

आणि तो माणूस काय म्हणाला माहितीय? "वा. पडावं कसं ते हिच्याकडून शिका. हिला नाटक कंपनीत घाला, इथे जागा अडवू नका."

सगळी खोली हसली. ताई जमिनीवर, तोंडात रक्त, आणि हसणं वरून येतंय.

गप्प का झालात? तुम्हीच म्हणालात ना सांग म्हणून.

घरी आल्यावर बाबांचं एकच पालुपद, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय. ताई उठली नाही तर, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय. ताई जिन्यात अडकली तर, तूच मनावर घे, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय. तलाववाल्यांनीही कळवलं, आधी डोकं बरं करा. वर्षभर ती छताकडे बघत पडून होती.

मग मी मॅडमच्या हाताखाली कामाला लागले. आमच्या विभागाच्या प्रमुख. मी पहिल्याच सुट्टीत ताईला उचलून आणलं, अक्षरशः, मी आणि माझ्याबरोबर काम करणारा लंबू. मॅडमनी काय केलं असेल? काही नाही. खुर्ची ओढून समोर बसल्या आणि ताईचं बोलणं संपेपर्यंत ऐकलं. दोरीचं वाक्य आलं तेव्हा म्हणाल्या, परत सांग. मग रक्त पाठवलं.

सोप्या भाषेत सांगते, नाहीतर तुम्ही झोपाल. आपल्या शरीरात एक रसायन असतं, ते स्नायूंना सांगतं, आता सैल हो. ते जिथे बनतं तिथल्या यंत्रावर ताईच्या शरीराचीच फौज तुटून पडली होती. मग सैल हो म्हणणारं कुणी उरलंच नाही, आणि जरा खुट्ट झालं की सगळे स्नायू एकदम आवळायचे. झोपेत ते सुटतं. भीतीच्या गोळीने सुटतं, कारण ती गोळी तेच काम करते. स्टिफ पर्सन सिंड्रोम म्हणतात. दुर्मिळ आहे, पण दुर्बिणीला दिसायला हवं होतं ना? टाळी वाजवल्यावर फळीसारखं पडणं, ही त्या आजाराची खूण आहे. त्या माणसाने खूण स्वतःच्या हाताने काढली आणि स्वतःच्या तोंडाने उडवून लावली.

औषधं सुरू झाली. ताई सुजली, केस कापले, तोंड चंद्रासारखं झालं, पण उभी राहिली. काठी घेऊन का होईना, चालली. बाबा रडले. मला वाटलं, संपलं.

कुठलं संपायला. एकदा सगळे जेवत होतो आणि बाबा आपले सहज, भाजी वाढून घेता घेता म्हणाले, तरी सुरुवातीला थोडं मनाचं असणारच, एवढा मोठा डॉक्टर उगाच कशाला म्हणेल. आईने डोळे वटारले. ताईने घास खाली ठेवला, हात धुतले, आणि थोड्या वेळाने माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, तुमची ती अवघड केसची मिटिंग असते, तिथे दुर्बीण येतो का?

बघा, तुम्हाला वाटतंय की पुढचा सगळा डाव मी रचला. मलाही तसंच वाटत होतं. मी तर रात्रंदिवस त्याच नशेत होते.

ती मिटिंग कशी असते ते सांगते, त्याशिवाय मजा नाही. शहरातल्या सगळ्या हॉस्पिटलांचे मेंदूवाले तळघरातल्या हॉलमध्ये दुपारचे जमतात. दर वेळी एक जण आपली अवघड केस आणतो. समोर एक खुर्ची असते. तिच्यात एका मोठ्या डॉक्टरला बसवतात, आणि त्याला उत्तर माहीत नसतं. त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने विचार करायचा, प्रश्न विचारायचे, आणि केस आणणाऱ्याने तो विचारेल तेवढंच सांगायचं. चुकला तर सगळ्यांसमोर चुकतो. नियम पक्के. पेशंटचं नाव नाही, हॉस्पिटलचं नाव नाही, आणि आधी कुणी चूक केली असेल तर त्या डॉक्टरचं नाव तर मुळीच नाही. म्हणूनच लोक चुका घेऊन येतात. आणि शेवटी पेशंट तयार असेल तर तो आत येतो, तेव्हा सगळे उभे राहतात. तो बसेपर्यंत कुणी बसत नाही. हे मॅडमनी सुरू केलंय, आणि मला ते फार आवडतं, म्हणजे आवडायचं.

मी मॅडमना म्हटलं, माझ्या बहिणीची केस मांडते, ती स्वतः येईल, आणि खुर्चीत दुर्बीण सरांना बोलवा ना, सगळ्यांना त्यांना ऐकायचं असतं. मॅडम खूश. त्यांना आधीचा डॉक्टर कोण हे ठाऊकच नव्हतं, कारण त्यांनी तो प्रश्न कधी विचारलाच नाही, तशा त्या आहेत.

माझा बेत असा. मी सगळं जसं घडलं तसंच, त्याच क्रमाने मांडणार. झोपेत सैल, गोळीने बरं, स्कॅन स्वच्छ. माणूस तोच, तर उत्तरही तेच येणार ना? तो खुर्चीत बसून म्हणणार, नाटक. तीनशे डोक्यांसमोर. आणि मग मी पडद्यावर रक्ताचा रिपोर्ट टाकणार आणि खाली बसणार. मी आरशासमोर ते खाली बसणंसुद्धा करून पाहिलं होतं. लंबू म्हणाला, तुझी नोकरी जाईल आणि मग तू माझ्या डब्यावर जगशील. मी म्हटलं, तुझ्या डब्यात असतं काय.

ताईची एकच अट. तिला घेऊन बाबांनी यायचं. मी म्हटलं, मी आणते की, लंबू आणेल. नाही, बाबाच. मला वाटलं, तिला आधार लागतो म्हणून. बाबा तर मोठ्या डॉक्टरांसमोर जायचंय म्हणून परत तोच शर्ट घालून आले. त्यांना वाटलं, आता ते बघतील पोरगी कशी चालते ते. दोघांना बाहेरच्या बाकावर बसवून मी आत गेले.

हॉल गच्च. दुर्बीण सर खुर्चीत, एका पायावर दुसरा पाय, अगदी गोड हसत. आणि खरं सांगू, माणूस दिसायला इतका सभ्य आहे ना, मला अजून राग आला.

मी सुरू केलं. एक तरुण बाई, पोहायला शिकवते, पाठ धरते. ते ऐकत होते. पुढे झुकून, हनुवटीखाली हात घेऊन. मी म्हटलं, पेशंटच्या शब्दांत सांगायचं तर, कुणीतरी आतून दोरी खेचल्यासारखं होतं, आणि मग मी माझी राहत नाही. आणि सर काय म्हणाले? "थांबा. हे फार महत्त्वाचं आहे. परत सांगा."

हे माझ्या बेतात नव्हतंच. मी परत सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, झोपेत? मी म्हटलं, झोपेत सैल. ते म्हणाले, अर्थात. भीतीची गोळी? बरं वाटतं. अर्थात. आणि हॉलकडे वळून समजावून सांगायला लागले की बघा, ह्या दोन गोष्टींमुळे घाईचा डॉक्टर हिला मानसिक ठरवेल, आणि नेमक्या ह्याच दोन गोष्टी आपल्याला रस्ता दाखवतायत. आणि पाच-सात वाक्यांत आजाराचं नाव सांगून मोकळे. रक्तात काय सापडेल तेही सांगून टाकलं.

टाळ्या पडल्या. मी तिथे रिमोट हातात घेऊन ठोंब्यासारखी उभी. पडद्यावर रिपोर्ट टाकला तर तो त्यांच्या उत्तरावर शिक्का मारल्यासारखाच दिसला. माझा सगळा बेत पाण्यात. मी त्यांना बुडवायला नेलं होतं आणि ते पोहून दाखवत होते. संतापाने कान गरम झाले माझे, आणि तेव्हा मला ते उमगलं. ताईने सांगितलं तेव्हा ते नाटक होतं. तेच शब्द पांढरा कोट घालून मी सांगितले तर केस झाली. माणूस हुशार होताच की. आमच्या ताईसाठी त्याने हुशारी वापरली नव्हती, एवढंच.

मग मॅडमनी नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला, तो दर वेळी विचारतात. पहिल्या डॉक्टरचं काय चुकलं असेल?

सर मोकळे होऊन मागे टेकले. मला म्हणाले, कुणी मागून टाळी वाजवून पाहिली होती का?

मी म्हटलं, हो सर.

"मग?"

"पडली, सर. फळीसारखी."

"आणि तरी त्याला कळलं नाही?" त्यांनी हॉलकडे पाहिलं. "म्हणजे हात चांगले होते बिचाऱ्याचे. वरती काही नव्हतं."

हॉल हसला. खदाखदा. लंबूने मागच्या रांगेतून माझ्याकडे असं पाहिलं की आता हिला धरायला हवं. पण मी काही केलं नाही. करायला सुचलंच नाही. मॅडम म्हणाल्या, पेशंट यायला तयार आहेत, आणि दार उघडलं.

ताई आत आली. काठी, तोंड सुजलेलं, आणि बाबा तिची पिशवी घेऊन मागे. सगळा हॉल उभा राहिला, खुर्च्यांचा तो धडधड आवाज होतो ना, मला भीती वाटली की ती त्यानेच पडेल, पण तिने काठी घट्ट रोवली होती. दुर्बीण सरही उभे राहिले, हात पुढे केला, फार छान बोलले. म्हणाले, तुम्ही खूप सोसलंत, आणि तुमच्यामुळे आम्ही सगळे आज शिकलो. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. पुसटसंही नाही. बाबांनी वाकून नमस्कार केला तर त्यांनाही नाही.

मॅडमनी खुर्ची पुढे केली. ताई बसली नाही.

म्हणाली, "डॉक्टर, ती टाळी कशी असते, वाजवून दाखवाल? माझ्या मागे उभे राहून."

मॅडम लगेच म्हणाल्या, नको, काही गरज नाही. ताई म्हणाली, मी औषध घेऊन आलेय, बहीण धरेल मला. मी धावत जाऊन तिच्या कमरेशी उभी राहिले. सर जरा संकोचले, पण हॉल बघतोय, पेशंट स्वतः म्हणतेय, शिकवायची हौस. गेले मागे. वाजवली. हलकीच, पुस्तक मिटल्यासारखी.

ताईचं अंग माझ्या हातात एकदम दगड झालं. काठी खाली आपटली. पूर्ण पुढे झुकली, मी पाय रोवून मागे खेचलं, दात ओठात रुतले माझे. पण पडली नाही. तशीच उभी राहिली, हळूहळू श्वास सोडला, आणि मग वळायला लागली. तिला वळायला वेळ लागतो, बोट वळते तशी वळते ती. तेवढा वेळ अख्खा हॉल उभा. वळून त्यांच्या समोरासमोर आली.

"त्या दिवशी जास्त जोरात वाजवली होती तुम्ही."

सरांचे हात टाळीनंतर जिथे होते तिथेच, छातीसमोर. आधी ते नुसते हसले, म्हणजे काहीतरी गैरसमज आहे तसे. मग त्यांची नजर तिच्या हनुवटीवरच्या खुणेवर गेली, मग बाबांच्या शर्टावर, मग परत हनुवटीवर. आणि मला दिसलं, दिसलं म्हणजे अगदी स्पष्ट, की चेहऱ्यातून काहीतरी खाली उतरत गेलं. खोटं कशाला बोलू, मला इतकं गोड वाटलं. बर्फीचा तुकडा तोंडात विरघळावा तसं. मी ते हळूहळू खाल्लं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रोजेक्टरकडे पाहिलं.

मॅडम म्हणाल्या, इथे कुणाचं नाव घेतलं जात नाही. ताई शांतपणे म्हणाली, मी कुठे घेतलं?

तेव्हा सर म्हणाले, राहू द्या मॅडम. हात खाली घेतले. "तो डॉक्टर मी होतो."

मला वाटलं, झालं. ह्याहून जास्त काय हवं. मी ताईला खुर्चीकडे वळवायला लागले तर तिने माझा हात बाजूला केला. म्हणाली, आणि तुम्ही म्हणाला होतात काय, तेही सांगा.

सर म्हणाले, मला आठवत नाही. आणि ते खरं होतं, हेच तर वाईट. आमच्या घरात वर्षभर भिंतींना चिकटलेलं वाक्य, त्यांना आठवत नव्हतं.

"मला आठवतं," ताई म्हणाली. "मी सांगते, तुम्ही माझ्यामागून म्हणा."

आणि काय सांगू तुम्हाला, तो आवाज. तलावावरचा. मोठा नाही, पण खोल बाजूपर्यंत जाणारा. पोरांना हातपाय मारायला शिकवताना करायची तसे तिने वाक्याचे तुकडे केले. वा. ते म्हणाले, वा. पडावं कसं ते. पडावं कसं ते. हिच्याकडून शिका. सरांचा आवाज इथे बसला, तर ताई थांबली, वाट पाहिली, परत म्हणाली, हिच्याकडून शिका. हिला नाटक कंपनीत घाला. इथे जागा अडवू नका. सगळं म्हणून घेतलं, शेवटपर्यंत. एक शब्द सोडला नाही. आणि तेवढा सगळा वेळ तीनशे माणसं उभी, कारण पेशंट बसलेला नाही. पुढच्या रांगेत सरांचे दोघं-तिघं शिकाऊ होते, तेव्हा त्या भिंतीला लागून उभे असणार ते हेच. ते बुटांकडे बघत होते. मी एकेकाचं तोंड पाहून घेतलं.

ताई म्हणाली, "त्या दिवशी ह्यावर सगळे हसले होते."

आणि मग ती परत वळली, तशीच, हळू. मला वाटलं, हॉलकडे वळतेय. नाही. बाबांकडे.

"बाबा, तुम्हीही हसला होतात."

अगं मला माहीतच नव्हतं. देवाशपथ. तिने मला पडलेलं सांगितलं, दात सांगितला, हसलेली खोली सांगितली. हे कधी नाही. बाबा तिथे तिची पिशवी छातीशी धरून उभे, आणि आजूबाजूला सगळी मोठी मोठी डॉक्टरमंडळी त्यांच्याकडे बघतायत. आणि मला कळलं की दुर्बीण, हॉल, टाळी, हे सगळं एका माणसाला ऐकवण्यासाठी होतं, आणि तो माणूस आमच्याच घरातला.

मग ताई बसली. मग सगळे बसले.

नंतरचं थोडक्यात सांगते. मिटिंग संपल्यावर सर ताईजवळ आले, म्हणाले, मी तलाववाल्यांना लिहून देतो की माझं मत चुकीचं होतं. ताई म्हणाली, मॅडमनी दिलंय, तुमचं नको. बस, एवढंच. ते गेले.

आणि मॅडमनी मला कोपऱ्यात घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, तुझ्या बहिणीचा हक्क होता, तिला मी काही म्हणणार नाही. पण तू मला फसवून त्यांना त्या खुर्चीत बसवलंस. आता आपली चूक घेऊन इथे कोण येईल? आणि खरंच, पुढच्या वेळी ज्याची केस ठरली होती तो आला नाही, घरी काम निघालं म्हणे. मला वर्षभर केस मांडायला बंदी आहे. मॅडमचं बरोबर आहे, मला माहितीय बरोबर आहे. तरी मला विचाराल तर उद्या परत करीन. आज संध्याकाळी करीन. असं बघू नका, तुमच्या बहिणीचा दात तुटू दे, मग बोलू.

पण खरी गोष्ट त्याच्या नंतरची आहे. तळघरातून वर यायला जिनाच आहे, लिफ्ट महिनोन्‌महिने बंद. ताई एकेक पायरी घेत होती, मी बाजूला, बाबा दोन पायऱ्या खाली, पिशवी घेऊन. एरवी ती बाबांचा हात धरते चढताना. आज त्यांनी दोनदा हात पुढे केला, तिने कठडा धरला. अर्ध्यावर ती दम घ्यायला थांबली. मी म्हटलं, ताई, बरं वाटतंय का गं? म्हणजे पुस्तकातून वगैरे म्हणतात ना की सूड घेऊन पोकळ वाटतं.

ती म्हणाली, "छान वाटतंय. फार छान वाटतंय. पाय फक्त लाकूड झालेत."

आणि आम्ही दोघी हसायला लागलो. ताईला हसू आलं की तिची पाठ आवळते, त्यामुळे ती हसतेय आणि आई गं करतेय, आणि मी तिला भिंतीला टेकवून धरलंय. बाबा खाली तसेच उभे. वर आले नाहीत. आमचं हसणं थांबायची वाट बघत होते. मग खालूनच म्हणाले, वर न बघता.

"हसलो होतो गं मी. ते मोठे डॉक्टर, सगळे हसतायत, मी एकटाच गप्प राहिलो तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून."

ताईने खाली वाकून पाहिलं. वाकता येत नाही तिला, पण जितकं येतं तितकं वाकली.

"आणि मला?" म्हणाली.

बाबांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ताईने वाट पाहिली, चांगली वाट पाहिली, वरून लोक उतरत होते त्यांना भिंतीला चिकटून जागा करून दिली, आणि तरीही पाहिली. मग मला म्हणाली, चल बारके, आणि पुढची पायरी घेतली. बाबा मागून येत राहिले, दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून.

घरी आल्यापासून त्यांनी "मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय" एकदाही म्हटलेलं नाही. पण ताई त्यांच्याशी अजून बोलत नाही. ते रोज विचारतात, गोळी घेतलीस का, आणि ती मला सांगते, त्यांना सांग, घेतली.